चढलेली आंबील

मला बघायला आलेल्या तीन पाहुण्यांना मी पोहे दिले आणि तिन्ही वेळा नकारही एका परीनं मीच दिला. तोंडानं नव्हे, तेवढी सोय तेव्हा मुलींना नव्हती. पण बैठकीत कुणीतरी हमखास म्हणायचं, "लग्नानंतर शाळा सोडावी लागेल, बरं का," आणि माझा चेहरा असा काही व्हायचा की पाहुणे बशी अर्धी ठेवून चपला शोधायला लागायचे. आई म्हणायची, "तुजं त्वांड झाकून बसवलं पायजे." तोंड झाकून शाळेत शिकवता येत नाही, असं मी म्हटलं की ती कपाळाला हात लावायची.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती दोन-चार वर्षं. सोलापुरात मामांकडे राहून मी फायनल झाले, ट्रेनिंग केलं आणि विणकरांच्या वस्तीजवळच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली घरी तेलुगू बोलायच्या. जूनमध्ये त्या माझ्याकडे नुसत्या टकामका बघत बसायच्या आणि दिवाळीपर्यंत पाटीवरून, पेन्सिलीवरून चांगल्या कडकडून मराठीत भांडायच्या. त्यांचं भांडण ऐकलं की मला वाटायचं, चला, आपलं काम झालं. यात काही मोठं तत्त्व होतं असं आज म्हणता येईल. तेव्हा मला फक्त तो वर्ग आवडत होता आणि तो सोडायचा नव्हता.

आबा, म्हणजे माझे वडील, मला कधी रागावले नाहीत. पण माझ्या पाठीवर धाकटी बहीण होती आणि थोरलीचं उरकल्याशिवाय तिचं कुणाशी बोलताही येत नव्हतं. ती बिचारी काही म्हणायची नाही. नुसती माझ्याकडे बघायची, आणि ते मला जास्त लागायचं.

चौथं स्थळ मामांनी आणलं. मुलगा सोलापुरातच एका दवाखान्यात कंपाउंडर होता. घर चांगलं, माणसं सुशिक्षित, फक्त मुलाचे वडील कडक. कोर्टातल्या कारकुनीतून पेन्शनीत निघाले आणि त्यांनी दारूबंदीच्या कामाला वाहून घेतलं. गिरणी सुटायच्या वेळेला फाटकासमोर खोक्यावर उभे राहून ते व्याख्यान देत. मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. आमच्या शाळेपर्यंत आवाज यायचा. दारू आणि ताडी तर सोडाच, मामा म्हणाले, त्यांच्या घरात चहासुद्धा शिजत नाही. चहाही नशाच म्हणतात.

"आता ह्यांना घरात पव्ह्याच्या बशीम्होरं बसवायचं न्हाय," आबा म्हणाले. "येळवशीला शेतात बोलवू. त्यान्ला शेत न्हाय. येतील की."

मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडे वेळ अमावस्या म्हणतात, बोलताना येळवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळं गाव आपापल्या रानात जातं, कडब्याची खोप करून तिच्यात पाच दगड मांडतं, त्यांना चुन्याची बोटं ओढून पांडव म्हणून पूजतं आणि दिवसभर तिथंच जेवतं. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. न बोलावणं हाच अपमान समजतात. आबांचा हिशेब असा की उघड्या रानात, चार माणसांत, पोट भरलेलं असताना कुणी अटी घालत बसणार नाही. शिवाय नाताळची सुट्टी असल्यामुळे मी घरी होते. आणि आबांनी आणखी एक काढलं.

"औंदा आंबील तू कर. पोरीनं सोताच्या हातानं केलीया म्हणून सांगतो. शाळा शिकली म्हंजी चूल इसरली न्हाय, येवढं तरी दिसू दे."

आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ पातळ शिजवून, मडक्यात आंबायला ठेवून, वर ताक घालून केलेलं आंबूस पेय. येळवशीला तिच्याशिवाय चालत नाही. आईची रीत मला पाठ होती. पीठ शिजवायचं, निवल्यावर धुतलेल्या जुन्या मडक्यात ओतायचं, तोंडाला फडकं बांधून तीन रात्री चुलीमागच्या उबेला ठेवायचं आणि सकाळी ताक, मीठ, ठेचलेलं आलं, जिरं घालायचं. यात बिघडण्यासारखं काही नाही. पण मला नुसती चांगली आंबील करायची नव्हती. पाहुण्यांनी पुन्हा मागून घेतली पाहिजे, अशी करायची होती.

तेवढ्यात आत्या आली. तिला अक्कलकोटच्या खाली, पार कानडी मुलखात दिलेलं होतं. इतकी वर्षं तिकडे राहून ती निम्मं कानडी बोलायची आणि आपण मराठीच बोलतोय असं तिला वाटायचं. माझी तयारी बघून ती म्हणाली, "आमच्याकडं नुसतं पीठ न्हाय घालत. जोंधळा भिजवायचा, मोड काडायचे, वाळवून दळायचं. त्येचं पीठ घाल आन् गुळाचा खडा टाक. भाळ छलो, लई ग्वाड लागतंय. तिकडं बाळंतिणीला देत्यात."

बाळंतिणीला देतात म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ? मी ज्वारी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, उन्हात कडक वाळवली आणि जात्यावर दळली. मोडाच्या पिठाला वासच वेगळा येत होता, गोडसर, भाजल्यासारखा. ते साध्या पिठात मिसळून शिजवलं, कोमट झाल्यावर गूळ टाकला आणि मडकं बांधून उबेला ठेवलं. आत्याची कृती आणि आईच्या तीन रात्री. आत्याच्या सासरी ही आंबील त्याच संध्याकाळी पिऊन संपवतात, हे आत्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही, आणि तिला वाटलं, एवढं कुणालाही कळतं.

तुम्ही म्हणाल, चाखून बघायची होती. तेच तर करता येत नव्हतं. येळवशीची आंबील आधी पांडवांना आणि रानाला दाखवायची, मग माणसांनी तोंड लावायचं. नैवेद्याचं चाखलं की उष्टं झालं. आई मीठसुद्धा हाताच्या अंदाजानं घालायची. दुसऱ्या रात्री मडक्यातून बारीक कुजबुज ऐकू येत होती. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आंबतीया. आंबायला नगो व्हय?" तिसरी रात्र सरली त्या सकाळी फडकं फुगलं होतं आणि वास नाकात झणझणत होता. पण आंबिलीला वास येतोच. मी ताक ओतलं, आलं ठेचून घातलं आणि पुन्हा फडकं बांधलं.

पाहुणे सर्व्हिस मोटारीनं आमच्या गावाजवळच्या वळसंगपर्यंत आले. आबा बैलगाडी घेऊन त्यांना आणायला गेले. तिघंच होते. थोरले पाहुणे पांढरा रुमाल बांधलेले, सरळसोट, काठीसारखे. पाहुणीबाई बुटक्या, गप्प, बघताना मात्र सगळं बघणाऱ्या. आणि मुलगा. त्याच्या हातांना दवाखान्याचा वास येत असेल असं मला उगीच वाटलं. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मग ज्वारीकडे बघत राहिला. कणसं भरली होती, बघण्यासारखी होती, तरीही मला राग आला.

आबांचा हिशेब पहिल्या घासाआधीच चुकला. थोरले पाहुणे खोपीसमोर घोंगडीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "आडपडदा नको म्हणून आधीच सांगतो. मुलीबद्दल ऐकलं ते चांगलं आहे. पण आमच्या घरची सून नोकरीला जाणार नाही. शाळा सोडावी लागेल. हे मान्य असेल तर पुढचं बोलू."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. धाकटीनं पाहिलं. त्या दोघांच्या नजरेत जे होतं ते बघून या वेळी माझा चेहरा वाकडा झाला नाही, पडला. आबा खालच्या आवाजात म्हणाले, "आदी पूजा हुंदे, पोटाला दोन घास घ्या. मग बोलू."

पूजा झाली. आईनं आंबिलीच्या मडक्याचं फडकं सोडलं आणि आतून फेस वर आला. पांढराशुभ्र, दाट, मडक्याच्या काठावरून खाली ओघळला. असा फेस आमच्या येळवशीला कुणी पाहिला नव्हता. आईनं हात जोडले. "उतू आली," ती म्हणाली. "लक्षुमी पावली, बया." आत्यानंही हात जोडले. शेजारच्या रानातले दोघं-तिघं आले होते, त्यांनीही जोडले. थोरले पाहुणेसुद्धा मान हलवून म्हणाले, "शुभ आहे." आबांनी आंब्याच्या डहाळीनं पिकात आंबील शिंपडली, शिवारभर पूजेच्या, कानडी-मराठी मिसळलेल्या हाका उठल्या आणि पुरुषांची पंगत बसली.

बाजरीचे उकडलेले उंडे, सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, तिळाची पोळी, शेंगांची चटणी. आणि प्रत्येकाच्या पानाशेजारी फुलपात्रात आंबील. आबा मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "आंबील पोरीनं केलीया. सोताच्या हातानं."

थोरल्या पाहुण्यांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मी खोपीच्या कडब्यामागून बघत होते. त्यांच्या मिशांना फेस लागला होता. "वा," ते म्हणाले. "अशी आंबील मी प्यालो नव्हतो. जिभेला टोचते आणि लगेच गोड लागते. लिंबाची फोड चाखावी तशी हुशारी येते." त्यांनी फुलपात्र रिकामं करून पुढं धरलं. आबांचा चेहरा उजळला. धाकटीनं मला कोपरानं ढोसलं. मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दुसऱ्या फुलपात्रानंतर थोरले पाहुणे हसले. शेजारच्या म्हाताऱ्यानं बैलाबद्दल काहीतरी साधंच सांगितलं होतं, त्याला ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पाहुणीबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. तिसरं फुलपात्र भरून झाल्यावर ते म्हणाले, "आज एवढी मंडळी जमली आहेत, तर चार शब्द बोलतो." आणि आंबिलीचं फुलपात्र हातात तसंच धरून ते बांधावर चढले.

आजूबाजूच्या रानांतली माणसं जमली. येळवशीला लोक एकमेकांच्या शेतात हिंडतातच, त्यात व्याख्यान म्हटल्यावर कोण सोडतो. थोरले पाहुणे बोलले मात्र झकास. ताडीनं संसार कसे बुडतात, गिरणी कामगार पगाराच्या दिवशी घराचा रस्ता कसा विसरतो, सगळं सांगितलं. मधेमधे एक घोट घेत होते. "आणि बायांनो," ते म्हणाले, "तुम्ही रडत बसू नका. मी फाटकावर रोज सांगतो. नवरा असो, सासरा असो, दीर असो, त्याच्या हातातला पेला काढून घ्या. लाज धरू नका. ज्या दिवशी बाई पेला काढून घेईल, त्या दिवशी माझं काम संपलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते एका बाजूला किंचित कलले आणि पुन्हा सरळ झाले.

पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायकांनी जेवायचं नसतं. पण आत्याला धीर नव्हता. खोपीमागे तिनं एक फुलपात्र भरून माझ्या हातात दिलं. "तू केलीस, तुला कळाया नगो?"

मी पहिल्यांदा चाखली ती तेव्हा. आधी ओठांना गार फेस लागला आणि विरला. मग जिभेवर बारीक टाचणी टोचावी तसा आंबूसपणा. त्याच्यामागून ज्वारीची गोडी आली, आपल्या रानातल्या हुरड्याची असते तशी, पण पातळ, हलकी, पाण्यात सोडलेली. आल्याचा चटका. ताकाचा मऊपणा. गिळल्यावर तोंडात काही चिकटून राहिलं नाही, नुसतं स्वच्छ वाटलं आणि आणखी एक घोट घ्यावासा वाटला. मी घेतला. इतकं चांगलं काही मी माझ्या हातानं केलं नव्हतं, हे मी आजही सांगते. तिसऱ्या घोटाला माझे कान गरम झाले. चौथ्याला गुडघ्यांत एक मऊ लाट आली, आणि कडब्यावरचं ऊन एकदम फार सुंदर दिसायला लागलं.

मी फुलपात्र खाली ठेवलं. शाळेच्या वाटेवर शिंदीचं, म्हणजे ताडीसारख्याच दारूचं, दुकान होतं. तिथल्या बाकावरची माणसं दुपारच्या उन्हाकडे अशीच बघत बसायची.

"आत्या," मी म्हणाले, "तुमच्याकडं ही किती दिवस ठेवतात?"

"दिवस? सकाळी करून सांजच्याला संपवायची की. ठिवली तर चढती."

बांधावरून आवाज येतच होता. मी एकदा आबांकडे पाहिलं. ते बैलगाडीला टेकून, समाधानानं व्याख्यान ऐकत होते. धाकटी हसत होती. मी गप्प बसले असते तर काय झालं असतं? माणूस खुशीत होता, बहुधा होकार देऊन गेला असता. शाळेची अटही कदाचित आज सुटली असती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. पण तो माणूस चहासुद्धा पीत नव्हता. जे आयुष्यभर नको म्हटलं ते त्याला कळू न देता त्याच्या पोटात जात होतं, आणि माझ्या हातानं जात होतं. मला भीती वाटली आणि रागही आला. कुणाचा ते माहीत नाही, पण राग आला की मला चालायला बरं पडतं.

मी गर्दीतून बांधापाशी गेले. ते बोलता बोलता थांबले आणि फुलपात्र तोंडाला लावणार, तेवढ्यात मी हात वर करून ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"आता पुरे करा," मी म्हणाले. "ही आंबील चढलीय. मोडाच्या पिठाची आहे, तीन रात्री राहिलीय. मला आत्ता कळलं. तुम्ही पिऊ नका."

थोरले पाहुणे माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या हातातल्या फुलपात्राकडे. मग त्यांचा हात अजून तसाच पेला धरल्यासारखा होता, त्याच्याकडे. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आबांनी डोळे मिटून घेतले होते.

पाहुणीबाई सकाळपासून पहिल्यांदाच बोलल्या. अगदी शांतपणे, भाजी निवडताना बोलावं तसं. "इतकी वर्षं फाटकावर सांगताय," त्या म्हणाल्या. "ऐकलं हो कुणीतरी."

थोरले पाहुणे बांधावरून जपून उतरले, खोपीत शिरले, रुमाल काढून उशाशी ठेवला आणि भिंतीकडे, म्हणजे कडब्याकडे, तोंड करून निजले.

मग जे झालं ते वाट बघणं. माणसं आपापल्या रानात पांगली. आईनं उरलेली आंबील बांधाच्या कडेला ओतायला घेतली तर आत्यानं मडकं धरून ठेवलं. "चांगली हाय की," ती म्हणाली, "वताया काय झालं?" दोघी दबक्या आवाजात ओढाओढ करत होत्या. आबा माझ्याजवळ येऊन बसले. बराच वेळ मातीत काडीनं रेघा ओढत होते.

"घटकाभर त्वांड मिटलं आसतंस, तर काय बिगडलं आसतं गं?"

"त्यांचं बिघडलं असतं, आबा."

"आन् आपलं?"

आबा चिडले असते तर मी चिडून बोलले असते. ते चिडले नव्हते. थकले होते. मी उठून विहिरीकडे गेले.

विहिरीवर मुलगा हात-तोंड धूत होता. मला बघून तो सरकला, निघून मात्र गेला नाही.

"मला पहिल्या घोटाला कळलं होतं," तो म्हणाला. "दवाखान्यात काढे, आंबवलेली आसव-अरिष्टं रोज हाताखालून जातात. वास ओळखतो मी."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. लग्नाची मुलगी, परका मुलगा, काही भान राहिलं नाही मला. "तुमच्या वडिलांचं सगळं आयुष्य यात गेलंय. तुम्ही बघत बसलात?"

तो ओशाळला. "ते हसले ना," तो म्हणाला. "मी लहान होतो तेव्हापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, राहू दे घटकाभर." थोडं थांबून म्हणाला, "पण तुमचं बरोबर होतं. राहू द्यायला ते माझं नव्हतं."

इतक्या लवकर बरोबर म्हणणारा पुरुष मी पाहिला नव्हता, आणि चिडायला तयार होऊन आलेल्या माणसाची त्यानं पंचाईत होते. मी कळशी भरली. त्यानं ती उचलून माझ्या कडेवर दिली नाही, हेही बरं केलं. सगळे बघत होते. पण तो माझ्या आधी निघाला आणि वाटेतली बाभळीची काटेरी फांदी पायानं बाजूला सारून गेला.

उन्हं कलली तेव्हा थोरले पाहुणे उठले. त्यांनी बाहेर येऊन चूळ भरली, रुमाल नीट बांधला, आणि आबांना म्हणाले, "मुलीला बोलवा."

मी समोर जाऊन उभी राहिले. आबा, आई, आत्या, सगळे जागच्या जागी थांबले. धाकटी खोपीचा खांब धरून उभी होती.

"त्यात काय घातलं होतंस ते सांग."

मी सांगितलं. ज्वारी भिजवल्यापासून फडकं बांधेपर्यंत, वर्गात सांगावं तसं, एकेक. माझी चूक कुठं झाली तेही सांगितलं. आत्या मधे म्हणाली, "न्हाय, म्या सांगाया इसरले." त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"तुला आधी माहीत नव्हतं?"

"नाही. नैवेद्याची होती. चाखली नव्हती."

"आणि कळल्यावर?"

"फुलपात्र ठेवलं आणि आले."

"शाळेच्या अटीबद्दल मी सकाळी बोललो होतो. ते लक्षात होतं तेव्हा?"

"होतं."

त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा आवळली. मला वाटलं, संपलं. आता गाडी जुंपायला सांगतील. मनात मी धाकटीची माफी मागत होते.

"मी बायकांना सांगत आलो," ते शेवटी म्हणाले, माझ्याशी की स्वतःशी ते कळेना, "की लाज धरू नका. धरणार नाहीत कशा? त्यांना कुणी शिकवलंय?" मग एकदम मला, "वर्गात मुली किती लहान आहेत?"

"अगदी लहान. आताशा मराठी बोलायला लागल्यात."

"भितात तुला?"

"मला नाही भीत," मी म्हणाले. "आणि दुसऱ्या कुणालाही भिऊ नये असं बघते."

पाहुणीबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलगा ज्वारीकडे बघत होता, पण या वेळी त्याचे खांदे हसत होते. थोरल्या पाहुण्यांनी घसा खाकरला आणि आबांकडे वळले. आवाज कोर्टातला होता, कोरडा.

"शाळेला मोठी सुट्टी कधी लागते?"

आबा गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "उन्हाळ्यात लागते," मी म्हणाले.

"मग मुहूर्त उन्हाळ्यातलाच बघा," ते आबांना म्हणाले. "लग्नापायी हिच्या शाळेचे दिवस बुडायला नकोत."

आबांना ते लगेच उमगलं नाही. ते आपले बोटांवर वैशाख-ज्येष्ठ मोजत होते. धाकटीला उमगलं. ती खांब सोडून धावत आली आणि माझ्या गळ्यातच पडली, आणि मग सगळ्यांसमोर, मान खाली न घालता, मी मोठ्यानं रडले.